घास गालातच राहतो

अंथुर्ण्याच्या आमच्या घरात अम्मींना भरवण्याचे काम आम्हा तिघी जावांकडे आहे. चार वर्षांपासून त्यांची स्मृती जात चालली आहे. आधी नातवंडांची नावे गेली, मग दिवस-रात्र. आता तोंडातला घासही त्या विसरतात. भाकरीचा तुकडा अर्धा अर्धा तास गालात तसाच राहतो, पाणी प्यायले की ठसका लागतो.

शेजारच्या खाला म्हणतात, "नखरे आहेत, भूक लागली की खातील." नखरे नाहीत. बारामतीच्या डॉक्टरांनी समजावले की गिळताना जीभ घास मागे लोटते, श्वासनलिकेचे तोंड मिटते आणि घास अन्ननलिकेत उतरतो. म्हातारपणी हे सगळ्यांचेच मंदावते, पण स्मृतिभ्रंशात मेंदूचा हुकूमच वेळेवर येत नाही. पाणी पातळ, ते सर्वांत आधी घसरते. फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो, आणि कधी कधी ठसका न लागताही जाते. त्याचीच जास्त भीती.

म्हणून भाकरी बंद. मऊ खिचडी, घोटलेली डाळ, नाचणीची दाट पेज. सालन असले तर मटण अगदी बारीक वाटून. अम्मींना ताठ बसवतो, हनुवटी जराशी खाली. अर्धा चमचा देतो, तो उतरला हे पाहूनच पुढचा. नंतर अर्धा तास आडवे करायचे नाही. तोंडही स्वच्छ करावे लागते, कारण तोंडातली घाण छातीत उतरते. एका वाटीला पाऊण तास लागतो. तिघी नसतो तर कसे झाले असते कोण जाणे.

रमजानमध्ये त्यांनी दिवसा तोंडच मिटून घेतले. "रोजा है," एवढेच म्हणायच्या. मौलानांनी सांगितले, ज्याला भान उरले नाही त्याच्यावर रोजा फर्ज नाही. पण हे अम्मींना कोण पटवणार? धाकटी म्हणाली, अजान झाली असे सांगू. थोरलीला ते खोटे बोलणे रुचले नाही. शेवटी चमचा ओठांपाशी नेऊन आम्ही मोठ्याने 'बिस्मिल्लाह' म्हणू लागलो. बहुतेक वेळा तोंड उघडते. काही दिवशी नाहीच उघडत, तेव्हा जबरदस्ती करत नाही.

मुंबईच्या आपा, आमच्या नणंद, फोनवर म्हणतात, "नळी घाला, आई उपाशी मरेल." त्यांचा जीव तुटतो, ते आम्हाला कळते. पण अमेरिकेतील वृद्धांच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2014 मध्येच म्हटले आहे की शेवटच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशात नळीपेक्षा हाताने जपून भरवणे बरे; नळीने न्यूमोनिया टळत नाही. आमच्या डॉक्टरांचे मतही तेच. आपांना अजून पटलेले नाही. बकरी ईदला त्या आठ दिवस राहायला येणार आहेत. दुपारची वाटी त्यांच्याकडे द्यायची, असे आम्ही ठरवले आहे.