कोंबडी धरणारं कुत्रं

गावात कुत्र्यानं कोंबडी धरली की निकाल पाच मिनिटांत लागतो. कोंबडी कोणाची, कुत्रं कोणाचं, एवढंच विचारलं जातं. मग कोणीतरी काठी उचलतं आणि एखादं जाणतं माणूस ठरलेलं वाक्य बोलतं : "चटक लागली त्याले. आता ते सुटत नाई." आमच्याकडे, बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, या वाक्यानंतर कुत्र्याचं फारसं भलं होत नाही. मारून सुधारलं नाही तर त्याला पोत्यात घालून लांबच्या शिवारात सोडून येतात. कधी कधी भाकरीत विष घातलं जातं. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६०चा आहे, पण उकिरड्यावर मरून पडलेल्या कुत्र्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी कोण चढणार?

ज्या बाईची कोंबडी गेली तिचा रागही खोटा नसतो. आमच्या घरी सोयाबीनचे आणि कापसाचे पैसे बाबांच्या खात्यात जातात, अंड्यांचे पैसे आईच्या डब्यात. कोंबडी खुडूक बसली की पिल्लं निघायला २१ दिवस. त्या पिल्लांतली जी घार, मुंगूस आणि मानमोडीतून वाचेल, ती अंड्यावर यायला पाच-सहा महिने. म्हणजे कुत्र्यानं एका मिनिटात जे नेलं, ते परत उभं करायला निदान अर्धं वर्ष लागतं. आणि त्या अर्ध्या वर्षाचा हिशोब घरात बहुतेक वेळा एकाच माणसाला माहीत असतो.

दोन्हीकडचं नुकसान एवढं मोठं असताना 'चटक' या शब्दावर काम भागवणं मला पटत नाही. चटक म्हणजे चवीची ओढ. पण कुत्रं कोंबडीमागे धावतं ते बहुतेकदा चवीसाठी नाहीच. कुत्र्यांचा अभ्यास करणारे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी शिकारीची एक साखळी मांडली आहे : नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडून खाणं. माणसानं जाती तयार करताना यातल्या काही कड्या वाढवल्या, काही दाबल्या. बॉर्डर कॉली मेंढीवर नजर रोखतो, तिच्यामागे धावतो, पण सहसा तोडत नाही. आपल्या गावठी कुत्र्यात ही साखळी कमीअधिक पूर्ण शिल्लक असते. आणि यातली प्रत्येक कडी कुत्र्याला स्वतंत्रपणे आनंद देते. म्हणून पोटभर जेवलेलं कुत्रंही धावतं. कोंबडी पळाली, पंख फडफडले, ओरडली की त्याच्यासाठी खेळ सुरू होतो. एकदा खेळ जमला की पुढच्या वेळी तो आणखी लवकर सुरू होतो. जाणत्या माणसाचं वाक्य तेवढ्यापुरतं बरोबर आहे.

त्यात आपण आणखी घोळ घालतो. रविवारी कोंबडी कापली की आतडी आणि पिसांसकट कातडं कुत्र्यापुढे टाकतो. मेलेलं पिल्लू उकिरड्यावर फेकतो. मग सोमवारी त्याच वासाची कोंबडी अंगणात फिरते, आणि ती खाण्याची गोष्ट नाही हे कुत्र्यानं आपलं आपण ओळखावं अशी आपली अपेक्षा असते.

मग कुत्रं आणि कोंबडी एकत्र राहूच शकत नाहीत का? राहतात. पीक निघालं की आमच्याकडे शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतात. तेव्हा आलेला धनगरांचा वाडा जरा बघा. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, आणि बाजूनं कुत्री चाललेली. मुक्कामावर कोंबड्या कुत्र्यांच्या तोंडासमोरून दाणे टिपत जातात आणि कुत्रं कान हलवून पुन्हा झोपतं. यात जादू नाही. ते पिल्लू डोळे उघडल्यापासून मेंढ्या-कोंबड्यांत वाढलेलं असतं. कुत्र्याच्या पिल्लाचे तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस फार महत्त्वाचे असतात. त्या काळात जे रोज शांतपणे सोबत असतं, ते त्याला घरचं वाटतं. मोठं झालेलं कुत्रं घरी आणून त्याच्याकडून हीच अपेक्षा करणं म्हणजे बारावीच्या पोराला थेट शेवटच्या वर्षाच्या पेपरला बसवणं.

पण त्याच वाड्यात संध्याकाळी काय होतं तेही बघावं. एवढी भरवशाची कुत्री असूनही कोंबड्या डाल्याखाली जातात. भरवसा आहे, आणि डालंही आहे.

मला या सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते हेच. कुत्र्याला जरूर शिकवावं. साखळी हातात धरून, कोंबड्यांपासून लांब बसवून, त्यानं नजर वळवून आपल्याकडे पाहिलं की तुकडा द्यावा. हे रोज थोडं थोडं, काही महिने चालतं. कोंबडी मारून तासभर झाल्यावर दिलेल्या मारातून कुत्रं फक्त माणसाला घाबरायला शिकतं. पण नीट शिकलेलं कुत्रंही कोंबड्यांसोबत एकटं सोडू नये. दुकानात 'कोंबडी जाळी' म्हणून मिळणारी षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. ते दातांनी ती फाडतं. त्याला वेल्डिंग केलेली जाड तारेची जाळी लागते, आणि मुंगूस-सापासाठी छिद्रं अर्ध्या इंचाची. कुत्रं उकरतं ते जाळीच्या अगदी बुडाशी, म्हणून जाळीचा फूट-दीड फूट पट्टा बाहेरच्या बाजूनं जमिनीवर आडवा टाकून वर दगड-माती घालावी. दाराला दोरी नको, कडी हवी.

एवढं करूनही कोंबडी तोंडातून सुटून आली, तर "वाचली बिचारी" म्हणून लगेच सोडून देऊ नये. दाताची भोकं पिसांखाली दिसत नाहीत आणि दोन दिवसांत चिघळतात. पंखांखाली, पाठीवर पिसं बाजूला करून बघावं, जखम मिठाच्या पाण्यानं धुवावी, रक्त बघून बाकीच्या टोचतात म्हणून तिला वेगळी ठेवावी आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

आणि कुत्रंच नको, हा उपाय नाही. रात्री रानमांजराची चाहूल आधी त्यालाच लागते. मात्र खुराड्याशेजारी त्याला बांधून ठेवणं म्हणजे राखण नव्हे. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या गावांत बिबट्या काही नवा नाही. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. रात्री दार कोंबड्यांना लागतं तसंच त्यालाही लागतं.

शेवटी सगळं येऊन थांबतं ते दिवेलागणीच्या त्या दहा मिनिटांवर. कोंबड्यांना अंधारात नीट दिसत नाही, त्या आपणहून आत जातात. कोणीतरी मोजायचं आणि कडी लावायची. उजेड कमी झाला की आपोआप बंद होणारं दार बसवता येतं, मला ते करताही येईल. पण बाहेर राहिलेली एक कोंबडी दार मोजत नाही. आमच्याकडे हे काम वर्षानुवर्षं आईचं होतं, म्हणून ते काम आहे हेच कोणाला दिसत नव्हतं. ती लग्नाला गेली की बाकी घरानं विसरायचं, आणि सकाळी दोष कुत्र्याचा. आता पाळ्या ठरल्या आहेत : सोम ते बुध बाबा, पुढे आई, आणि मी गावी असलो की रोज मी. अंड्यांचे पैसे मात्र अजूनही आईच्याच डब्यात जातात. त्यात कोणाची पाळी नाही.