ब्रिटिशपणाचा ताळेबंद

बँकेतील प्रदीर्घ नोकरीने मला एक सवय लावली आहे. कोणतीही मालमत्ता दिसली की ती स्वतःची की उसनवारीची, हे आधी तपासायचे. मुलीकडे लंडनला सहा आठवडे मुक्काम झाला, तेव्हा ही सवयही सामानाबरोबर आली. अस्सल ब्रिटिश म्हणून जे जे पाहावयास मिळाले, त्याचे मूळ मी शोधू लागलो आणि ताळेबंद मोठा गमतीदार निघाला.

व्यवसायबंधुत्वाला स्मरून आरंभ केला तो थ्रेडनीडल स्ट्रीटवरील बँक ऑफ इंग्लंडपासून. फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी राजाला १२ लाख पौंड कर्ज देण्याकरिता १६९४ साली ही बँक स्थापन झाली. कर्ज घेणारा राजा तिसरा विल्यम हा डच, तर बँकेचे पहिले गव्हर्नर सर जॉन हूब्लॉन हे फ्रेंच बोलणाऱ्या निर्वासितांच्या कुळातले! म्हणजे ऋणको बाहेरचा, धनकोही मूळचा बाहेरचा; फक्त खातेवही ब्रिटिश.

राजघराण्याचेही तसेच. पहिल्या महायुद्धात जर्मनीशी लढताना घराण्याचे जर्मन आडनाव अडचणीचे वाटू लागले. तेव्हा पाचव्या जॉर्जने १९१७ साली उद्घोषणा काढून ‘विंडसर’ हे नाव धारण केले. आमच्या बँकेत खात्यावरील नाव बदलण्यासाठी ग्राहकाला राजपत्राची प्रत आणावी लागे. येथे ग्राहकच राजा. त्याला कोण अडविणार?

आता चहा. पान चीनचे, पुढे मळे आसामचे. इंग्रज दरबारात चहाचा शौक रुजविण्याचे श्रेय मिळते ते पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनला. १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सशी तिचा विवाह झाला. याच विवाहात मुंबईही आंदण दिली गेली. जावईबापूंनी ती १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. आजच्या मुंबईतील खोलीभाड्याशी तुलना वाचकांनीच करावी.

संगीतात डोकवावे, तर ‘क्वीन’ या जगप्रसिद्ध ब्रिटिश वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा जन्माने झांजीबारचा पारशी, फारोख बुलसारा. शाळा आपल्या पाचगणीची! आणि साऱ्या देशाचे लाडके अस्वल पॅडिंग्टन? मायकेल बॉन्ड यांनी १९५८ साली ते पुस्तकात आणले, तेही थेट पेरू देशातून, गळ्यात चिठ्ठी अडकवून. त्याचा आवडता मार्मलेडही परंपरेने स्पेनमधील सेव्हिलच्या कडू संत्र्यांचा. पॅडिंग्टन स्थानकात त्याचा पुतळा आहे. लोक त्याच्याशेजारी कौतुकाने छायाचित्रे काढून घेतात. त्याचा परवाना कोणी विचारीत नाही.

तेथे मला माझ्या नातीची आठवण झाली. ती लंडनमध्येच जन्मली. वय वर्षे दहा. तरीही “तू कुठली?” असे तिला विचारले जाते. “लंडनची,” असे सांगितले की, “तसे नव्हे, मुळात कुठली?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. विचारणारे बहुधा सौजन्यानेच विचारतात, पण दर वेळी ती पोर थोडी गप्प होते. जी पेढी चार शतके परक्या ठेवींवर भरभराटली, तिने जुन्या ठेवीदाराच्या घरातील मुलीला रोज नव्याने ओळखपत्र मागावे, हा व्यवहार माझ्या जमाखर्चात काही बसत नाही.

मग ब्रिटिशांचे स्वतःचे असे काहीच नाही काय? आहे. ती म्हणजे रांग! विम्बल्डनला तर रांग कशी लावावी याची छापील मार्गदर्शिका असते. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यदर्शनासाठी थेम्स नदीकाठी काही किलोमीटर रांग लागली होती. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमही त्यात सुमारे बारा तास उभा होता. मधे घुसला नाही. रांग संपते कुठे, हे शासन नागरिकांना घरबसल्या दाखवीत होते.

मला हा शिरस्ता फार आवडला. रांगेत माणूस कुठून आला हे पाहात नाहीत, केव्हा आला एवढेच पाहतात. त्या हिशेबाने माझी नात जन्मापासून रांगेत उभी आहे. तिच्या मागे उभे राहणाऱ्याने तिला मूळ गाव विचारू नये. अगदीच राहवत नसेल, तर तेथील रीतीप्रमाणे हवामानाविषयी बोलावे.