झाकरी

काही वर्षांपूर्वी मॉरिशसहून मराठी शिकण्यासाठी पुण्यात आलेली एक विद्यार्थिनी माझ्या वर्गात होती. गावाकडच्या गणेशोत्सवावरील निबंधात तिने 'झाकरी' असा शब्द लिहिला होता. मी तो तांबड्या शाईने खोडून 'जाखडी' असा दुरुस्त केला. वही परत घेताना ती म्हणाली, "सर, आमच्याकडे झाकरीच म्हणतात. आजी क्रिओलमध्ये रागावते, पण आरती मराठीत म्हणते."

तिच्या देशाचा इतिहास मी त्यानंतर वाचला. सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरच्या या बेटावर मूळची मनुष्यवस्ती नव्हती. १५९८ साली डच तेथे उतरले आणि राजपुत्र मॉरिसचे नाव बेटाला मिळाले. १७१० मध्ये ते निघून गेले, तोवर डोडो पक्षी नामशेष झाला होता. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि मादागास्कर व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर वसाहत उभारली. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, पण उसाच्या मळ्यांना माणसे हवीच होती. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर करारावर तेथे नेले गेले. बहुतेक कलकत्त्याहून व मद्रासहून गेले, काही मुंबई बंदरातून. या शेवटच्या प्रवाहात कोकणातले मराठी लोक होते. उतरताच प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. जेथे ते उतरत त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. आज गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते.

हे वाचताना एक गोष्ट मला टोचत राहिली. 'दर्पण' १८३२ साली मुंबईत निघाले, 'यमुनापर्यटन' १८५७ साली आले. या तारखा मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्याच काळात त्याच मुंबईच्या धक्क्यावरून मराठी बोलणारी माणसे समुद्रापार जात होती, हे मात्र माझ्या एकाही व्याख्यानात आले नव्हते. ती छापील मराठी घेऊन गेली नव्हती. त्यांच्यासोबत आरत्या होत्या, अभंग होते आणि पायांत बसलेला नाच होता. वाङ्मयाचा इतिहास मुद्रणापासून मोजण्याची सवय लागलेल्या माझ्यासारख्याला ही माणसे दिसणार कशी?

पिढ्यान्‌पिढ्या, शाळा नसताना, पुस्तक नसताना जो शब्द समुद्रापलीकडे टिकला, त्याला मी पुण्यातल्या एका टेबलाशी बसून अशुद्ध ठरवले होते. पुढच्या तासाला मी तिची वही मागून घेतली आणि माझ्या दुरुस्तीखाली पूर्ववत करण्याच्या टिंबांची ओळ दिली. ती हसली. मग फळ्यावर मी दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि तिला म्हणालो, "आता तू सांग, तुमच्याकडे ती कशी नाचतात?"