कडेला कुणाला उभं करायचं?

नाक मोठं आलं, की दोष लेन्सचा. इमारत मागे रेलली, तरी दोष लेन्सचाच. वास्तूंचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय असल्यामुळे वाइड लेन्सवरचे हे आरोप मी सतत ऐकतो, आणि त्यातले बहुतेक मला मान्य नाहीत. जवळची वस्तू किती मोठी दिसणार आणि लांबची किती लहान, हे तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं. फोकल लेंथचा त्यात हात नसतो. खात्री करायची असेल तर ट्रायपॉड जागचा न हलवता तेच दृश्य आधी १६ मिलिमीटरने आणि मग ५० मिलिमीटरने टिपा. पहिल्या फोटोचा मधला तुकडा कापून दुसऱ्याशेजारी ठेवा. खांबाआड खांब जसा एकात, तसाच दुसऱ्यात. नाक मोठं दिसतं ते कॅमेरा तोंडापासून वीतभर अंतरावर धरल्यामुळे. तेवढ्या जवळूनही अख्खा चेहरा मावतो, इतकंच काय ते वाइड लेन्सचं कर्तृत्व.

कार्ल्याच्या चैत्यगृहात हे स्वच्छ कळतं. लेणं सव्वाशे फुटांच्या आसपास खोल आणि पंचेचाळीस फूट रुंद. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, त्यांच्या माथ्यांवर हत्ती आणि हत्तींवर बसलेली माणसं, स्तूपामागे सात साधे अष्टकोनी खांब, आणि वर छताला इतक्या शतकांनंतरही टिकून राहिलेल्या लाकडी कमानी. दारात उभं राहून १६ मिलिमीटर लावली, की सगळं एका फोटोत मावतं आणि सगळंच हातचं जातं. ज्या स्तूपासाठी एवढा डोंगर कोरला तो नखाएवढा उरतो, आणि खालची निम्मी चौकट रिकामी फरशी अडवून बसते. दारातून मी ३५ मिलिमीटरच वापरतो. कडेचे खांब सुटतात, पण स्तूपाला त्याचा मान मिळतो.

अल्ट्रावाइड बॅगेतून बाहेर येते ती बाजूच्या चिंचोळ्या मार्गिकेत. खांबांची जाडी धरूनही ती दहा फुटांचीच आहे. मागे सरकायला वाव नाही. इथे कॅमेरा खाली आणून खांबाच्या बैठकीच्या दगडी घटाला जवळजवळ भिडवावा. घटाच्या पोटावरचे छिन्नीचे घाव, पायऱ्यांसारख्या बैठकीची झिजलेली कड, सगळं हाताने चाचपावं तसं समोर येतं, आणि त्यामागून उरलेली रांग स्तूपाच्या दिशेने धावत सुटते. या लेन्सला काहीतरी अगदी जवळ लागतं. जवळ काहीच नसेल, तर ती फक्त पोकळी टिपते.

कडेचं ताणणं मात्र खरं आहे. सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या लेन्समध्ये वस्तू मध्यापासून जितकी बाजूला, तितकी ती बाहेरच्या दिशेने ओढली जाते. फुल फ्रेम कॅमेरा आडवा धरला तर १६ मिलिमीटरच्या चौकटीची कड मध्यापासून सुमारे ४८ अंशांवर येते. तिथला गोल घट रुंदीला उंचीच्या दीडपट उमटतो, कोपऱ्यात त्याहूनही लांबट. सपाट भिंतीला याची बाधा होत नाही. ती सेन्सरला समांतर असेल, तर कडेपर्यंत जशीच्या तशी राहते. म्हणून कडेला भिंती, दारं, चौकटी द्याव्यात आणि गोल वस्तू, चेहरे मध्याकडे घ्यावेत. लग्नाच्या स्टेजवर ग्रुप फोटो काढताना जागा नाही म्हणून वाइड लावली, की टोकाला उभ्या असलेल्या मावशी आणि काका उगाच रुंद होतात. चार खुर्च्या हलवून मागे जावं, हाच त्यावर उपाय.

सरळ तुळई पिंपासारखी फुगणं हा लेन्सच्या घडणीतला दोष आहे आणि सॉफ्टवेअर तो झटक्यात काढतं. कडेचं ताणणं हा दोषच नव्हे, ती भूमिती आहे. १६ मिलिमीटरच्या फोटोची ३६ इंच रुंद प्रिंट काढा, तिच्या बरोबर मध्यासमोर १६ इंचांवर एक डोळा मिटून उभे राहा आणि नजर कडेला न्या: लांबट घट गोल होतो! आपण फोटो इतक्या जवळून पाहत नाही, म्हणून तो ताणलेला वाटतो. सरळ रेषा सरळ आणि गोल आकार गोल, हे दोन्ही एका सपाट कागदावर सर्वत्र साधत नाही. गूगलच्या संशोधकांनी मोबाइलसाठी २०१९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत चेहऱ्यांपुरता आकार जपणारा हिशेब लावला जातो आणि पार्श्वभूमीच्या रेषा सरळ ठेवल्या जातात. ही तडजोड आहे, पण चांगली.

इमारत मागे रेलते ती कॅमेरा वर उचलल्यामुळे. सेन्सर भिंतीला समांतर ठेवला, की उभ्या रेषा उभ्याच राहतात. मग माथा कापला जातो, आणि त्यासाठी शिफ्ट लेन्स हवी. कॅननची २००९ मध्ये आलेली १७ मिलिमीटरची लेन्स १२ मिलिमीटर वर सरकते आणि गल्लीतल्या वाड्याचा सज्जा सहज आत घेते. अशी लेन्स नसेल, तर चारी बाजूंना मोकळी जागा सोडून फोटो घ्यावा आणि रेषा नंतर सरळ कराव्यात. मात्र उंच मनोऱ्याच्या रेषा मी पूर्ण सरळ करत नाही. मान वर करून पाहताना त्या आपल्याही डोळ्यांना जवळ येताना दिसतात. पार सरळ केल्या, तर माथा जड वाटू लागतो.

घरांच्या जाहिरातींबद्दल मात्र मी ठाम आहे. दहा बाय दहाची खोली कोपऱ्यातून १४ मिलिमीटरने टिपली, की समोरची भिंत दूर जाते, पलंग लांबच लांब होतो आणि खोली हॉलसारखी दिसते. कर्ज काढून घर घेणारं कुटुंब त्या फोटोवर विसंबून स्वप्नं रंगवतं. अशा कामासाठी मी २४ मिलिमीटरच्या खाली जात नाही, कॅमेरा छातीच्या उंचीवर ठेवतो, आणि पुढ्यात खुर्चीसारखी ओळखीच्या मापाची वस्तू असू देतो. एका फोटोत खोली मावत नसेल तर दोन घ्यावेत, आणि प्रत्येकाखाली खोलीची लांबी-रुंदी फुटांत छापावी.