माझा रिपोर्ट मला वाचू द्या

रुग्णालयांच्या आणि लॅबच्या वेबसाइट तपासण्याचं काम मी करते. त्या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. अपंग व्यक्तींना वेबसाइट वापरता यावी, हा विषय आपल्याकडे सोयी-सवलतींच्या खात्यात टाकला जातो. तो रुग्णाच्या गोपनीयतेच्या खात्यात मांडायला हवा. डॉक्टरांनी रुग्णाची माहिती तिसऱ्याला सांगू नये, याबद्दल कुणाचं दुमत नसतं. पण कागद स्कॅन करून त्याचं चित्र पीडीएफ म्हणून पाठवलं, की पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यात वाचण्याजोगा मजकूरच मिळत नाही. ओसीआर वापरून अक्षरं ओळखता येतात हे खरं, मात्र तक्त्यातला आकडा भलत्याच चाचणीपुढे जाऊन बसू शकतो. मग अंध रुग्ण तो रिपोर्ट कुणाकडून तरी वाचून घेतो. ‘घरचं कोणीतरी वाचून दाखवेलच की,’ असं मला हमखास ऐकवलं जातं. एचआयव्हीची चाचणी, गर्भधारणा, मनोविकारावरची औषधं यांतलं पुष्कळसं घरच्यांपासूनच राखायचं असतं, त्याचं काय? मराठी रिपोर्टची तऱ्हा आणखी वेगळी. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटात टाइप केलेली सूचना डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते, स्क्रीन रीडर मात्र निरर्थक अक्षरं वाचत सुटतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. त्यावर मी कोविड लसीकरणाच्या कोविन पोर्टलचं उदाहरण देते. २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाला सुरुवातीला लसीसाठी ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. त्या वर्षी ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या पोर्टलमधल्या उणिवा नोंदवल्या: कॅप्चाला आवाजाचा पर्याय नाही, की-बोर्डने फिरता येत नाही, वेळ निवडता निवडता लॉग-आउट होण्याची धास्ती. यांतल्या एकाही उणिवेच्या दुरुस्तीला नवं यंत्र लागत नाही. बटणाला नाव देणं, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका उठाव ठेवणं, वाढलेली साखर नुसत्या लाल रंगाने न दाखवता शेजारी ‘जास्त’ असं लिहिणं, ही मुळात नीट बांधण्याची कामं आहेत. खर्च वाढतो तो सगळं बांधून झाल्यावर पुन्हा उकलावं लागतं तेव्हा. कोपऱ्यात अक्षरं मोठी करण्याचं बटण बसवून सुटका करून घेणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. ते बटण की-बोर्डने दाबता येत नाही, असंही पाहायला मिळतं.

‘असे रुग्ण आमच्याकडे येतातच किती?’ हा प्रश्न उरतो. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, आणि तेव्हा मोजले जाणारे प्रकार अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांपेक्षा कितीतरी कमी होते. मोतीबिंदू झालेले, हात थरथरणारे कितीतरी ज्येष्ठ तर या आकड्यात बहुधा नाहीतच, आणि दवाखान्याची पायरी सर्वांत जास्त चढणारे तेच. शिवाय ज्याला अपॉइंटमेंटचा फॉर्म भरताच आला नाही, तो तुमच्या हिशेबात दिसणार कसा?

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात धरला. रुग्णालय चालवणाऱ्यांना माझी विनंती छोटी आहे: वेबसाइटचं शेवटचं बिल चुकवण्याआधी ती स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, आणि त्या तपासणीचे पैसे त्याला द्या.