भुंगेऱ्यासाठी रडणारा लाकूडतोड्या

बालपणी वाचलेले पुस्तक साठी उलटल्यावर पुन्हा उघडणे, हे जुन्या वाड्यात परत जाण्यासारखे असते. एके काळी प्रचंड वाटलेला सोपा चार पावलांत संपतो आणि ज्या कोनाड्याकडे कधी लक्षही गेले नव्हते, तिथे पाय थबकतो. एल. फ्रँक बॉम यांच्या ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ’ या अमेरिकन बालकादंबरीच्या बाबतीत हा अनुभव हमखास येतो.

१९०० साली शिकागो येथे प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीची कथा सर्वपरिचित आहे. कॅन्सासच्या करड्या, रखरखीत माळरानावर राहणारी डोरोथी वावटळीत घरासकट उडते आणि ओझ नावाच्या अद्भुत देशात येऊन पडते. घरी परतण्याचा उपाय तेथील थोर जादूगारच सांगू शकेल, असे तिला कळते. त्याच्याकडे जाताना वाटेत तिला तीन सोबती मिळतात. बुजगावण्याला मेंदू हवा असतो, पत्र्याच्या लाकूडतोड्याला हृदय आणि भित्र्या सिंहाला धैर्य.

अर्थशास्त्र शिकलेला प्रौढ वाचक या कथेत बहुधा चलनाचा इतिहास शोधतो. मूळ पुस्तकात डोरोथीचे बूट चांदीचे आहेत. ते माणकांचे केले १९३९ च्या चित्रपटाने. चांदीचे बूट आणि पिवळ्या विटांचा रस्ता यांत हेन्री लिटलफील्ड या शिक्षकाने १९६४ साली त्या काळच्या अमेरिकेतील सोने-चांदीच्या वादाचे रूपक पाहिले. हा तर्क रंजक आहे. पण बॉम यांच्या मनात तेच होते, असा पुरावा नाही. पुस्तकाचे मर्म एका छोट्या प्रसंगात आहे आणि तो लहानपणी सहज नजरेतून सुटतो.

चालता चालता लाकूडतोड्याच्या पायाखाली एक भुंगेरा येतो आणि मरतो. लाकूडतोड्याला अतोनात दुःख होते. तो रडू लागतो. आसवांनी त्याच्या जबड्याच्या बिजागऱ्या गंजतात आणि तोंड उघडेनासे होते. बुजगावणे तेल घालते, तेव्हा कुठे त्याला बोलता येते. त्यानंतर तो खाली पाहत चालतो आणि वाटेतील मुंगीही ओलांडून जातो. त्याचे म्हणणे असे, की ज्यांना हृदय आहे त्यांना योग्य वाट दाखवणारे काहीतरी आत असते. आपल्याला ते नाही, म्हणून आपण अधिक जपले पाहिजे. चालताना जमिनीकडे पाहावे, हा संस्कार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, तेथील वाचक या पानावर थांबल्याशिवाय राहणार नाही.

मात्र पुढे याच लाकूडतोड्यावर दुष्ट चेटकीण चाळीस लांडगे सोडते. तो एकेक करून चाळीसही लांडग्यांची मुंडकी उडवतो. सोबत्यांच्या रक्षणासाठी त्याला हे करावे लागते, हे खरे. परंतु या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही आणि बिजागऱ्या गंजत नाहीत. सकाळी लांडग्यांचा ढीग पाहून डोरोथी घाबरते, त्याचे आभार मानते आणि मंडळी न्याहारीला बसतात. करुणा अशी अचानक कुठे संपते, हा प्रश्न मुलाला पडत नाही. प्रौढाला पडतो आणि तो त्याला लेखकाच्या चरित्राकडे घेऊन जातो.

१८८८ साली बॉम यांनी डाकोटातील अॅबरडीन गावी दुकान काढले. दुष्काळाचे दिवस होते. अडलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणे त्यांना जमत नसे. उधारी वाढत गेली आणि १८९० च्या आरंभी दुकान बंद पडले. हिशेबाच्या दृष्टीने तो गलथानपणा होता, पण त्यामागे मऊ मन होते. त्यानंतर त्यांनी गावातील एक साप्ताहिक चालवायला घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सू जमातीचे नेते सिटिंग बुल मारले गेले आणि पंधरवड्याच्या आत वुंडेड नी येथे अमेरिकन लष्कराने लाकोटा सू लोकांचे हत्याकांड केले. मृतांत स्त्रिया आणि मुलेही होती. या दोन्ही घटनांच्या वेळी बॉम यांनी आपल्या साप्ताहिकात अग्रलेख लिहिले आणि उरलेल्या मूलनिवासींचा समूळ नाश करावा, असे मत मांडले.

भुंगेऱ्यासाठी रडणारा लाकूडतोड्या ज्या लेखणीतून उतरला, तीच ही लेखणी. दोहोंत अवघे दहा वर्षांचे अंतर आहे.

‘काळच तसा होता’ असे म्हणून हे मिटवता येत नाही. बॉम यांच्या सासूबाई मॅटिल्डा जॉस्लिन गेज या स्त्री-हक्कांच्या चळवळीतील अग्रणी होत्या. मूलनिवासी समाजाविषयी त्यांना आदर होता आणि १८९३ साली मोहॉक लोकांनी त्यांना सन्मानाने आपल्या वृक कुळात सामावून घेतले. म्हणजे वेगळे पाहणारी नजर त्याच कुटुंबात होती. उधारीवर माल नेणाऱ्या शेजाऱ्याचे दुःख बॉम यांना दिसले; माळावरच्या परक्याचे दिसले नाही. २००६ साली त्यांच्या वंशजांनी सू लोकांची जाहीर क्षमा मागितली.

मग हे पुस्तक नातवंडांच्या हाती द्यावे की नाही? अवश्य द्यावे. रात्री उशाशी बसून वाचून दाखवावे. भुंगेऱ्याच्या पानावर थोडे थांबावे आणि लांडग्यांच्या पानावर मुलाने काही विचारले, तर ते टाळू नये. मूल मोठे झाले की अॅबरडीनच्या अग्रलेखांची हकिकतही सांगावी. त्यामुळे लाकूडतोड्याची गोष्ट खोटी ठरत नाही. उलट त्याच्या बोलण्याचा अर्थ अधिक गडद होतो.

शेवटी जादूगार त्याला हृदय देतो. ते असते भुसा भरलेले रेशमी हृदय. पत्र्याला भोक पाडून ते आत ठेवले जाते आणि वरून ठिगळ बसवले जाते. लाकूडतोड्या आनंदून जातो. प्रौढ वाचकाच्या मनात मात्र एक शंका उरते: आता हृदय मिळाले म्हणून तो खाली पाहायचे सोडणार तर नाही? कारण हृदय नाही असे वाटत होते, तोवर तो मुंगीलाही जपत होता. आपल्याला हृदय आहेच, अशी खात्री बाळगणाऱ्यांनी पायाखाली अधिक लक्षपूर्वक पाहायला हवे.