शुगर किती वर्षांपासून?

रात्री साडेअकराला छातीत दुखतंय म्हणून सत्तरीला टेकलेले गृहस्थ नगरच्या एखाद्या खासगी रुग्णालयात दाखल होतात. ईसीजी निघत असतानाच ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर विचारतो, "बीपी-शुगर काही?" "शुगर आहे." "किती वर्षांपासून?" मुलगा पुण्याला नोकरीला, वडिलांची गोळी कधी सुरू झाली, त्याला काय ठाऊक? सून म्हणते, "आमच्या लग्नाच्या आधीपासून असेल." मुलगा ठोकून देतो, "धरा दहा-बारा वर्षं." डॉक्टर केस पेपरवर तेवढंच लिहितो. अँजिओप्लास्टी होते, गृहस्थ वाचतात आणि मेडिक्लेम मात्र नामंजूर होतो. पॉलिसी चार वर्षांपूर्वी काढलेली, आणि अर्जात मधुमेहाच्या रकान्यापुढे 'नाही'.

मी डॉक्टर आहे, पण माझं काम रुग्णाला तपासण्याचं नाही, त्याचे कागद तपासण्याचं. आरोग्यविम्याचे दावे वाचणं हा माझा व्यवसाय. डिस्चार्ज कार्डवरचं निदान सगळेच वाचतात. आम्ही आधी पाहतो तो दाखल होतानाचा पूर्वेतिहास. वरच्या गृहस्थांना शुगर खरं तर तीनच वर्षांपूर्वी निघालेली असू शकते, म्हणजे पॉलिसीनंतर. तसं असेल तर दावा शंभर टक्के खरा. पण ते सिद्ध करायचं कशावरून? पहिला रिपोर्ट रद्दीत गेला, गोळ्या गल्लीतल्या मेडिकलमधून बिलाशिवाय आणल्या. उरतं ते मध्यरात्री बोललेलं वाक्य. अशा वेळी ज्यांनी शुगरचा पहिला रिपोर्ट आणि पहिली चिठ्ठी जपलेली असते, त्यांचं काम होतं. हा कागद सात-बाराच्या उताऱ्याइतकाच जपून ठेवावा, असं मी भेटेल त्याला सांगतो.

दुसरा प्रकार जास्त दिसतो आणि जास्त चीड आणतो. शुगर आधीपासूनच असते, घरचे एजंटला सांगतातही. तो म्हणतो, "ते लिहू नका काका, उगाच हप्ता वाढेल." काका सही करतात. हप्ता वाढतच नाही असं नाही. मधुमेह सांगितला की बऱ्याच कंपन्या जादा आकारणी करतात, कधी साखरेच्या तपासण्या मागतात, कधी नकारही देतात. पण सांगून घेतलेल्या पॉलिसीत ठरावीक मुदत गेली की मधुमेह आणि त्यातून उद्भवणारं दुखणं विम्याच्या कक्षेत येतं. एप्रिल 2024 पासून ही मुदत जास्तीत जास्त 36 महिने आहे. त्याआधी 48 होती. लपवणाऱ्याला मात्र मूत्रपिंड, डोळे, पाय, हृदय, सगळ्यांसाठी एकच उत्तर मिळू शकतं. वाचवलेला हप्ता आणि गेलेला दावा यांची तुलना करायला गणिताचा मास्तर लागत नाही.

एप्रिल 2024 मध्येच आणखी एक नियम बदलला, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. पॉलिसी सलग 60 महिने, म्हणजे पाच वर्षं, खंड न पडता चालू राहिली, की 'माहिती लपवली' या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध करावी लागते. पूर्वी ही अट आठ वर्षांची होती. मधे विम्याची रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेची पाच वर्षं नव्याने मोजतात. म्हणून नूतनीकरणाची तारीख चुकवू नये. साखर कारखान्यातून किंवा दुसऱ्या नोकरीतून निवृत्त होताना तर विशेष काळजी घ्यावी. कामावर असतानाचा गट विमा निवृत्तीबरोबर संपतो, आणि नेमकी तेव्हाच शुगर जुनी झालेली असते. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण अर्ज आधी करावा लागतो.

नवी पॉलिसी 65 नंतर सहसा मिळायची नाही, ही अडचणही 2024 मध्ये दूर झाली. आता वयाची कमाल मर्यादा नाही. दार उघडलं, पण उंबरठा उंच आहे. ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढ करण्याआधी कंपनीला विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते, असं जानेवारी 2025 मध्ये ठरलं, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. तरीही पाथर्डी-जामखेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा हप्ता झेपणारा नाही, हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

त्याच्यासाठी सरकारी योजना आहेत आणि त्यांत शुगर किती जुनी हा प्रश्नच येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे, पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनासुद्धा. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी 29 ऑक्टोबर 2024 पासून 'आयुष्मान वय वंदना' कार्ड आहे. उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं. वय आधारवरचंच धरतात. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या कितीकांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घालताना 1 जून लावून टाकलेली. त्यामुळे खरं वय आणि कागदावरचं वय यांत वर्ष-दोन वर्षांचा फरक निघतो. कार्ड आजारी पडण्याआधी काढा. रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलापाशी जा आणि हा उपचार योजनेच्या यादीत आहे का, ते विचारा. नंतर सांगितलं तर भरलेले पैसे परत मिळवणं जिकिरीचं होतं.

या सगळ्यात माझ्या मते एक मोठी खोट आहे. योजना असो वा मेडिक्लेम, पैसा मुख्यतः खाटेवर पडल्यावर सुटतो. पायाचं बोट कापायला विमा आहे. ते बोट वाचवणाऱ्या रोजच्या गोळीला, पट्टीला, इन्सुलिनला बहुतेक पॉलिसींत नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 पासून जामखेडला गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन उभं केलं, जगभरातून लोक ते पाहायला आले. तशी एखादी बाई आठवड्याला म्हाताऱ्याचे तळपाय पाहून गेली, तर किती दावे माझ्या टेबलावर येणारच नाहीत! विम्याच्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना नाही. तोवर प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर मोफत तपासतात आणि गोळ्याही देतात, त्यांचा लाभ घ्यावा. तिथल्या तपासणीची नोंद हाही तारखेचा पुरावाच असतो.

आणि दावा नाकारलाच, तर रडत बसू नका. पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली नाकारला, ते लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. नगर (अहिल्यानगर) जिल्ह्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही. फक्त कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं.